सोशल सिक्युरिटी, मेडिकेअर, मेडिकेड: खर्च नेमका कुठल्या कलमामुळे वाढतो?

जमाखर्च:

अमेरिकेच्या अर्थसंकल्पावरचा धागा दर वर्षी एकदा निघतो आणि विसाव्या प्रतिसादापर्यंत पक्षीय हाणामारीवर येतो. यावेळी विषय मुद्दाम अरुंद ठेवतोय. हक्काच्या योजनांचा खर्च कुठल्या सूत्राने वाढतो, आणि ते सूत्र बदललं तर किती पैसे वाचतात, एवढंच बोलू.

सुरुवातीला प्रमाण कळावं म्हणून २०२४ या आर्थिक वर्षाचे ढोबळ आकडे. केंद्र सरकारचा एकूण खर्च पावणेसात ट्रिलियन डॉलर. ट्रिलियन म्हणजे आपले लाख कोटी. त्यात सोशल सिक्युरिटी (निवृत्तांचं सरकारी पेन्शन) साधारण १.४५ ट्रिलियन, मेडिकेअर (मुख्यतः ६५ च्या पुढच्यांचा सरकारी आरोग्यविमा) हप्त्यांची जमा वजा करून ८६५ अब्ज, मेडिकेडचा (कमी उत्पन्नवाल्यांच्या आरोग्यविम्याचा) केंद्राचा वाटा ६१८ अब्ज आणि कर्जावरचं व्याज ८८० अब्जांच्या घरात. त्या वर्षी व्याजाने संरक्षण खर्चालाही मागे टाकलं.

दर वर्षी काँग्रेस, म्हणजे अमेरिकेची संसद, जी बारा विनियोजन विधेयकं मंजूर करते, त्यांत यातलं जवळजवळ काहीच नसतं. कायदा एवढंच म्हणतो की अमुक अटी पुऱ्या करणाऱ्याला अमुक मिळेल. किती जण अटी पुऱ्या करतील आणि एकूण बिल किती होईल, हे वर्ष संपल्यावर कळतं. म्हणजे कोणी हात वर केला नाही तरी खर्च वाढतो, आणि तो थांबवायचा तर मात्र हात वर करावा लागतो. सगळी गोम इथे आहे.

जाणकारांनी एकेक योजना इस्कटून सांगावी.

आकडेवाला:

सोशल सिक्युरिटीपासून सुरुवात करतो, कारण तीन योजनांमध्ये हीच सगळ्यात सरळ आहे.

पगारातून ६.२ टक्के नोकरदाराचे, ६.२ टक्के मालकाचे. पण ठरावीक मर्यादेपर्यंतच. २०२५ साठी ती मर्यादा १,७६,१०० डॉलर होती. निवृत्तीची रक्कम ठरवताना सर्वाधिक कमाईची ३५ वर्षं घेतात, प्रत्येक वर्षाची कमाई देशाच्या सरासरी वेतनवाढीने फुगवून आजच्या पातळीला आणतात आणि मासिक सरासरी काढतात. २५ च वर्षं काम केलं असेल तर उरलेली १० वर्षं शून्य धरतात. उशिरा अमेरिकेत आलेल्यांची रक्कम इथे घसरते.

त्या सरासरीचे तीन तुकडे करतात. २०२५ मध्ये ६२ वर्षांच्या होणाऱ्यांसाठी पहिल्या १,२२६ डॉलरवर ९० टक्के, तिथून ७,३९१ पर्यंत ३२ टक्के, वरच्यावर १५ टक्के. उदाहरण घेऊ, सरासरी ६,००० डॉलर:

१,२२६ चे ९० टक्के = १,१०३.४०
४,७७४ चे ३२ टक्के = १,५२७.६८
एकूण २,६३१ डॉलर महिना, म्हणजे सरासरीच्या ४४ टक्के.

तेच गणित २,००० डॉलर सरासरीवर केलं तर १,३५१ येतात (साडेसदुसष्ट टक्के), १२,००० वर केलं तर ३,७६७ (एकतीस टक्के). गरिबाला टक्का जास्त, श्रीमंताला डॉलर जास्त. १९६० किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना पूर्ण रक्कम ६७ व्या वर्षी मिळते. ६२ ला घेतली तर ७० टक्के, ७० पर्यंत थांबलं तर १२४ टक्के.

आता वाढ कुठून येते? दोन जागा आहेत आणि लोक नेहमी एकीचंच बोलतात. पहिली, दर जानेवारीची महागाईवाढ, जिला कोला म्हणतात. २०२३ साठी ती ८.७ टक्के होती, २०२५ साठी २.५. दुसरी जागा दिसत नाही: १,२२६ आणि ७,३९१ हे टप्पे स्वतःच दर वर्षी वेतनवाढीने वर सरकतात, आणि वेतन दीर्घकाळात महागाईपेक्षा जास्त वाढतं. त्यामुळे प्रत्येक पुढच्या पिढीची पहिली रक्कम आधीच्या पिढीपेक्षा खऱ्या अर्थाने मोठी असते. हे १९७७ मध्ये जाणूनबुजून ठरवलं गेलं, नजरचूक नव्हे.

तळटीप:

आकडेवाला, १९७७ चं नाव निघालंच आहे तर १९७२ सांगायलाच हवं. सूत्र चुकलं की काय होतं त्याचा तो पाठ्यपुस्तकी नमुना.

१९७२ मध्ये रक्कम एकदम २० टक्क्यांनी वाढवली आणि १९७५ पासून महागाईवाढ आपोआप लागू होईल असं ठरलं. पण तेव्हाच्या सूत्रात महागाई दोनदा मोजली जात होती. पगार महागाईबरोबर वाढायचे, त्यामुळे सरासरी वाढायची. आणि त्या सरासरीला लावायचे टक्केही महागाईने वाढवले जायचे. महागाई कमी असती तर कोणाच्या लक्षातही आलं नसतं. सत्तरच्या दशकात ती उसळली आणि नवीन निवृत्तांच्या रकमा पगाराच्या तुलनेत भरमसाट होऊ लागल्या. १९७७ मध्ये दुरुस्ती झाली. १९१७ ते १९२१ दरम्यान जन्मलेल्यांना आधीच्यांपेक्षा कमी मिळू लागलं, आणि त्यांची गाऱ्हाणी पुढे कित्येक वर्षं काँग्रेसपुढे येत राहिली. खरं तर त्यांच्यावर अन्याय झाला नव्हता, त्यांच्या आधीच्यांना जास्त मिळालं होतं. पण असं सांगून मतं मिळत नाहीत.

पुढे १९८३ ची डागडुजी. अर्थतज्ज्ञ अॅलन ग्रीनस्पॅन यांच्या आयोगाच्या शिफारशींनंतर निवृत्तीचं वय ६५ वरून हळूहळू ६७, मिळणाऱ्या रकमेवर आयकर, कोला सहा महिने पुढे. तेव्हाच्या अंदाजाप्रमाणे फंड (या कराची शिल्लक जिथे साठते ती गंगाजळी) २०६० च्या दशकापर्यंत पुरणार होता.

वाचनमात्र:

उत्तम चर्चा, म्हणून लॉगिन केलं. पण मला एक कळत नाही. १५० वर्षांच्या म्हाताऱ्यांना चेक जातात म्हणे. ही गळती बुजवली तर बाकी काही करायलाच नको ना?

आकडेवाला:

नाही. गणित बघा.

ज्यांची जन्मतारीख शंभरी ओलांडलेली आहे पण मृत्यूची नोंद नाही, असे १ कोटी ८९ लाख सोशल सिक्युरिटी क्रमांक मूळ नोंदवहीत आहेत, हे त्या खात्याच्या महानिरीक्षकांच्या २०२३ च्या अहवालात आहे. त्याच अहवालात असंही आहे की त्यांतल्या सुमारे ९८ टक्के क्रमांकांवर काहीही रक्कम जात नाही. नोंदवही अस्वच्छ आहे एवढाच त्याचा अर्थ. वय ११५ झालं की पैसे आपोआप थांबवायची सोयही आहे.

चुकीने गेलेले पैसे मात्र खरे आहेत. २०१५ ते २०२२ या आठ वर्षांत मिळून ७१.८ अब्ज डॉलर. मोठी रक्कम, पण दिलेल्या पैशांच्या १ टक्क्याहून कमी. आणि त्यातलं बरंच चोरी या सदरात बसत नाही. एसएसआय ही गरीब वृद्ध-अपंगांची वेगळी योजना घ्या. तिथे एकट्या माणसाला २,००० डॉलरच्या वर शिल्लक ठेवता येत नाही, आणि ही मर्यादा १९८९ पासून तीच आहे. महिन्याच्या पहिल्या तारखेला खात्यात २,०५० असले की त्या महिन्याचं अपात्र, आणि वर्षभराने वसुलीचं पत्र. हिशेबात ही ‘चुकीची रक्कम’ म्हणून मोजली जाते.

सोशल सिक्युरिटीचा कारभाराचा खर्च एकूण खर्चाच्या अर्ध्या टक्क्याच्या आसपास आहे. तिथे कात्री लावून काही हाती लागणार नाही, फोनवर थांबायची वेळ तेवढी वाढेल.

जमाखर्च:

मग १९८३ चा अंदाज तीस वर्षांनी का चुकला, फंड २०३३ च्या सुमारासच का संपतोय? सगळे ‘लोक जास्त जगतात’ म्हणून मोकळे होतात.

तळटीप:

जास्त जगणार हे तेव्हाही माहीत होतं, बेबी बूमर्स (दुसऱ्या महायुद्धानंतर जन्मलेली मोठी पिढी) तर जन्मलेलेच होते. न धरलेली मोठी गोष्ट वेगळी. १९८३ मध्ये देशातल्या एकूण पात्र कमाईपैकी ९० टक्के कमाई मर्यादेच्या आत यायची. मर्यादा सरासरी वेतनाने वाढते, पण वरच्यांचे पगार सरासरीच्या कितीतरी पुढे पळाले. आज ८२-८३ टक्केच आत येते. कराचा दर तोच राहिला आणि जाळ्याबाहेरचे मासे मोठे झाले. दुसरं कारण जन्मदर. फंडाचे विश्वस्त अजून दीर्घकाळासाठी १.९ धरतात, प्रत्यक्षात १.६ च्या आसपास आहे.

एका लाभार्थ्यामागे कर भरणारे किती? १९५० मध्ये १६.५, १९६० मध्ये ५.१, आता २.७. १९५० चा आकडा भाषणात टाळ्या घेतो पण तो फसवा आहे. योजना नवी होती, घेणारे तयारच व्हायचे होते. बघायचं ते ५.१ वरून २.७.

२०१० पासून करातून येणारे पैसे खर्चाला पुरत नाहीत. २०२१ पासून व्याज धरूनही पुरत नाहीत, म्हणजे मुद्दल संपतंय. २०२५ च्या विश्वस्त अहवालानुसार निवृत्तीचा फंड २०३३ मध्ये संपतो आणि त्यानंतर येणाऱ्या करातून ७७ टक्के रक्कम देता येते. जुलै २०२५ च्या मोठ्या करकायद्यानंतर योजनेच्या मुख्य अॅक्च्युअरीने (विमागणितज्ञाने) ती तारीख २०३२ च्या अखेरीवर आणली, कारण ज्येष्ठांना दिलेल्या सवलतीमुळे रकमेवरचा आयकर घटतो आणि तो आयकर फंडातच जमा होत असे.

वाचनमात्र:

पण फंडात खरे पैसे आहेतच कुठे? सरकारने ते कधीच खर्चून टाकले, उरल्यात नुसत्या चिठ्ठ्या.

जमाखर्च:

चिठ्ठ्या आहेत हे अक्षरशः खरं आहे. वेस्ट व्हर्जिनियातल्या पार्कर्सबर्ग गावी एका कार्यालयातल्या फाइलिंग कॅबिनेटमध्ये त्या ठेवलेल्या असतात, आणि २००५ मध्ये बुश साहेब तिथे जाऊन ते कॅबिनेट बघूनही आले. पण ते सरकारी रोखे आहेत. त्यांच्यावर व्याज मिळतं आणि आजवर एकही बुडालेला नाही. रोखा वटवताना सरकारला बाजारातून कर्ज घ्यावं लागतं, हा तुमच्या म्हणण्यातला योग्य भाग.

फंडाचं खरं काम कायदेशीर आहे. फंडात शिल्लक असेपर्यंत कोणाला न विचारता पूर्ण पैसे देता येतात. शिल्लक संपली की सोशल सिक्युरिटीला स्वतः कर्ज काढायची मुभा नाही, त्यामुळे आलेल्या करापुरतेच पैसे निघतात. वरच्या उदाहरणातल्या २,६३१ चे ७७ टक्के म्हणजे २,०२५. ‘शून्य मिळेल’ हेही खोटं आणि ‘काही होणार नाही’ हेही.

औषधपाणी:

आता मेडिकेअर. सोशल सिक्युरिटीचा भार देशाच्या उत्पन्नाच्या ५ टक्क्यांच्या थोडा वर आहे, तो ६ च्या आसपास जाऊन थबकतो. मेडिकेअर आज पावणेचारच्या आसपास आहे आणि २०५० पर्यंत ६ च्या पुढे जाईल असा विश्वस्तांचा अंदाज आहे. पेन्शनमध्ये माणसं आणि डॉलर एवढंच मोजायचं असतं. इथे माणसं, प्रत्येकाला दिलेल्या सेवांची संख्या आणि प्रत्येक सेवेचा भाव अशा तीन गोष्टी वाढतात.

‘मेडिकेअर २०३३ मध्ये बुडणार’ ही बातमी फक्त पार्ट ए ची, म्हणजे रुग्णालयाच्या विम्याची असते. तो १.४५ अधिक १.४५ टक्के कराने चालतो. पार्ट बी (डॉक्टर, बाह्यरुग्ण) आणि पार्ट डी (औषधं) कधीच बुडू शकत नाहीत, कारण त्यांची तूट दर वर्षी सर्वसाधारण तिजोरीतून आपोआप भरली जाते. पार्ट बी चा हप्ता कायद्यानेच खर्चाच्या एक चतुर्थांश ठेवलाय, २०२५ मध्ये १८५ डॉलर. उरलेले तीन हिस्से करदात्याचे. म्हणून खरी वाढ ए मध्ये नसून बी मध्ये आहे, आणि तिथे फंड संपल्याची घंटा वाजतच नाही.

भाव कसे फुगतात त्याच्या दोन जागा दाखवतो.

एक: दवाखान्यात टोचायची औषधं. डॉक्टरला औषधाच्या सरासरी विक्रीभावावर ६ टक्के मिळतात. १०० डॉलरच्या औषधावर ६, १०,००० च्या औषधावर ६००. (सक्तीच्या कपातीनंतर प्रत्यक्षात ४.३ टक्के उरतात, पण दिशा तीच.) दोन औषधं सारखीच लागू पडत असतील तर सूत्र कोणत्या बाजूला ढकलतं ते सांगायला नको.

दोन: तीच तपासणी, तेच यंत्र, तोच डॉक्टर. पण दवाखाना रुग्णालयाने विकत घेतला आणि ‘बाह्यरुग्ण विभाग’ अशी पाटी लावली की दर वाढतो, कारण रुग्णालयाची सुविधा-फी वेगळी लागते. २०१५ च्या कायद्याने आवाराबाहेरच्या नव्या केंद्रांवर बंधन आणलं, जुन्यांना सोडून दिलं. दवाखाने भराभर का विकले गेले याचं निम्मं उत्तर इथे आहे.

कपातीचं काय होतं तेही सांगते. १९९७ मध्ये डॉक्टरांच्या दराला देशाच्या वाढीशी बांधणारं सूत्र आणलं. सूत्र दर वर्षी कपात सांगायचं आणि काँग्रेस ती पुढे ढकलायची. असं १७ वेळा झाल्यावर २०१५ मध्ये सूत्रच रद्द केलं. कागदावरची आपोआप कपात इतकी मोठी होऊ दिली की ती लागू करणंच अशक्य होतं, हे तेव्हा कळलं. सोशल सिक्युरिटीच्या २०३२-३३ च्या २३ टक्के कपातीबद्दल विचार करताना हे ध्यानात ठेवा.

कोडकरीण:

औषधपाणी, तुम्ही मेडिकेअर अॅडव्हांटेज (खासगी विमा कंपन्यांमार्फत मिळणारी मेडिकेअर) वगळलंत, आणि निम्म्याहून जास्त लोक आता तिथेच आहेत.

तिथे सरकार विमा कंपनीला माणशी ठरावीक रक्कम देतं. रुग्ण जितका आजारी तितकी रक्कम जास्त. आजारीपण मोजतात निदानांच्या कोडांवरून. मूळ मेडिकेअरमध्ये डॉक्टरला पैसे सेवेचे मिळतात, त्यामुळे नसलेल्या तक्रारींची यादी करायची त्याला गरज नसते. अॅडव्हांटेजमध्ये प्रत्येक कोडाला किंमत आहे. म्हणून घरी येऊन ‘मोफत आरोग्य तपासणी’ होते आणि जुन्या फायली पुन्हा चाळल्या जातात. त्यात सापडलेल्या आजारावर उपचार झालेच पाहिजेत असं नाही, कोड लागला की काम झालं. कोड दर वर्षी नव्याने लावावा लागतो. गेल्या वर्षी कापलेला पाय यंदाही नसतो हे यंत्रणेला माहीत नसतं, त्यामुळे या तपासण्या जानेवारीपासून पुन्हा सुरू.

मेडपॅक या काँग्रेसच्याच सल्लागार आयोगाच्या अंदाजाप्रमाणे २०२५ मध्ये याच लोकांवर मूळ मेडिकेअरपेक्षा २० टक्के, म्हणजे ८४ अब्ज डॉलर जास्त गेले. यातला काही भाग कोडांचा, काही निरोगी लोक तिकडे जास्त जातात त्याचा. कायद्याने सरसकट ५.९ टक्के कापतात, ते कधीच पुरलं नाही. २०२४ पासून तीन वर्षांत नवं कोड-कोष्टक आणलंय. त्यात मधुमेह गुंतागुंतीसह असो वा नसो, वजन सारखंच, कारण ‘गुंतागुंत’ हा शब्दच सगळ्यात जास्त पिळला गेला होता.

कंपन्यांच्या बाजूचंही सांगायला हवं. जादा पैशातला काही हिस्सा चष्मा, दात आणि कमी हप्त्याच्या रूपाने लोकांपर्यंत येतो. म्हणूनच कापायला गेलं की ओरड लाभार्थीच करतात.

टिपणकार:

मेडिकेडबद्दल थोडक्यात. केंद्र आणि राज्य मिळून चालवतात. केंद्राचा हिस्सा राज्याच्या दरडोई उत्पन्नावर ठरतो, किमान ५० टक्के. सगळ्यात जास्त मिसिसिपीला, ७६-७७ टक्के. विस्तारित गटासाठी (ओबामाकेअर कायद्यानंतर काही राज्यांनी नव्याने सामावलेले कमी उत्पन्नाचे प्रौढ) ९० टक्के.

मेख इथे आहे. समजा केंद्राचा हिस्सा ६० टक्के. राज्य रुग्णालयांवर १०० डॉलर कर लावतं. ते १०० आपला ४० टक्के हिस्सा म्हणून दाखवलं की केंद्राचे १५० येतात. रुग्णालयांना २५० दिले. त्यांनी १०० भरले, २५० मिळाले. राज्याच्या खिशातून दमडीही गेली नाही आणि केंद्राचा खर्च १५० ने वाढला. हे बेकायदा नाही, कराची मर्यादा रुग्णसेवेच्या उत्पन्नाच्या ६ टक्के आहे. २०२५ च्या कायद्याने विस्तार केलेल्या राज्यांसाठी ती २०२८ पासून दर वर्षी अर्धा टक्का उतरवत ३.५ वर आणायचं ठरलंय, नर्सिंग होम वगळून.

नर्सिंग होम वगळलं, कारण तिथल्या दर दहांपैकी सहांहून अधिक जणांचं बिल मेडिकेड भरतं. मेडिकेअर दीर्घकाळची शुश्रूषा देत नाही. मध्यमवर्गीय माणूस आधी स्वतःची पुंजी संपवतो आणि मग मेडिकेडवर येतो. मुलांच्या नावावर मालमत्ता केली तर पाच वर्षं मागे जाऊन तपासतात. ‘गरिबांची योजना’ म्हणून तिच्याकडे बघणाऱ्यांनी हा भाग पुन्हा वाचावा.

वाचनमात्र:

एच-१बीवर सात वर्षं हा कर भरून भारतात परतलेल्यांचं काय होतं? या गणितात त्यांचा हिशेब कुठे?

आकडेवाला:

जमेच्या बाजूला. कर भरलेल्या कमाईवर क्रेडिट मिळतात, म्हणजे हक्काचे गुण. वर्षाला जास्तीत जास्त ४ क्रेडिट, २०२५ मध्ये एका क्रेडिटला १,८१० डॉलर कमाई लागत होती. निवृत्तीच्या हक्कासाठी ४० लागतात, सात वर्षांचे होतात २८. भारत-अमेरिका सामाजिक सुरक्षा करार नसल्यामुळे भारतातल्या नोकरीची वर्षं त्यात मिळवता येत नाहीत. नोकरदाराचे आणि मालकाचे दोन्ही ६.२ टक्के फंडात राहतात, परतावा नाही. क्रेडिट पुसली जात नाहीत, पुन्हा कधी येऊन १२ मिळवली तर हक्क पुरा होतो. ज्यांची ४० झालीत त्यांनी मेडिकेअर भारतात चालत नाही हेही लक्षात ठेवावं.

जमाखर्च:

आता उपायांचे आकडे टाकतो. २०२५ च्या अहवालानुसार ७५ वर्षांची तूट करपात्र वेतनाच्या ३.८२ टक्के आहे. आज एका फटक्यात भरायची तर कर ३.६५ टक्के-गुणांनी वाढवा (१२.४ चे १६.०५ होतात) किंवा सगळ्यांची रक्कम २२.४ टक्क्यांनी कापा. मधले मार्ग असे: कमाईची मर्यादा काढून टाकली आणि त्या कमाईवर नेहमीप्रमाणे लाभही दिला, तर साधारण अर्धी तूट भरते. कोलासाठी साखळी-निर्देशांक (एखादी वस्तू महागली की लोक स्वस्त वस्तूकडे वळतात, हे धरून काढलेला महागाईचा निर्देशांक) वापरला तर वाढ दर वर्षी सुमारे पाव टक्का कमी. पहिल्या वर्षी जाणवणार नाही, वीस वर्षांनी ५ टक्के. म्हणजे सगळ्यात जास्त फटका ८५ च्या पुढच्या विधवांना.

माझं मत विचाराल तर मर्यादा ९० टक्क्यांवर परत न्यावी. १९८३ चा करारच तो होता.

तळटीप:

मर्यादेबाबत सहमत. निवृत्तीचं वय ६९ करावं असंही सुचवलं जातं, त्याला मात्र विरोध आहे, कारण ६२ ला घेणाऱ्यांत बरेच जण अंगमेहनतीचे असतात. वय वाढवणं म्हणजे त्यांच्यासाठी सरळ रक्कम कापणं.

आणि एक गोष्ट कोणीच बोललं नाही. मिळणाऱ्या रकमेवर आयकर लागायची सीमा १९८३ मध्ये एकट्याला २५,००० आणि जोडप्याला ३२,००० ठेवली. तेव्हा दहात एखादाच तिच्या वर होता. बाकी सगळं महागाईने वाढतं, हे आकडे आजही तेच आहेत. १९९३ मध्ये आलेले ३४,००० आणि ४४,००० सुद्धा तसेच. श्रीमंतांवरचा जादा ०.९ टक्के मेडिकेअर कर २०१३ पासून २,००,००० वर लागतो, तोही गोठलेला. खर्चाची सूत्रं आपोआप वाढतात तशी काही करांची सूत्रंही आपोआप घट्ट होतात, फक्त ती कोणत्या मथळ्यात येत नाहीत.

औषधपाणी:

त्याला व्यावहारिक पुरवणी. पार्ट बी चा जादा हप्ता दोन वर्षांपूर्वीच्या उत्पन्नावर ठरतो. २०२५ चा हप्ता २०२३ च्या विवरणपत्रावरून, सीमा एकट्याला १,०६,०००, जोडप्याला २,१२,०००. एक डॉलरने ओलांडली तरी पूर्ण टप्पा लागतो. ६३ व्या वर्षी घर विकलं किंवा निवृत्ती खात्यातून मोठी रक्कम काढली की ६५ ला फटका बसतो. नोकरी सुटल्यामुळे, घटस्फोटामुळे किंवा जोडीदाराच्या निधनामुळे उत्पन्न घटलं असेल तर एसएसए-४४ हा अर्ज भरून हप्ता कमी करून घेता येतो. घर विकल्याचं कारण त्या अर्जात चालत नाही.